पाळणाघर साडेसातला बंद होते

पातलीपाडा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत या वर्षी नोकरी करणाऱ्या बायकांचा सत्कार ठेवला होता. माझी ओळख करून देताना सूत्रसंचालन करणाऱ्या काकू म्हणाल्या, की घर, मूल आणि ऐरोलीची नोकरी ही तारेवरची कसरत या अगदी लीलया करतात. मला तुळशीचे रोप मिळाले. माझा नवरा मुलाला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसला होता. तो माझ्याच क्षेत्रात, माझ्याइतकीच वर्षे नोकरी करतो, घर तेच आणि मूलही तेच, पण त्याला आजवर कोणी तारेवर चढवलेले नाही. या मंचावर हा चर्चेचा धागा काढण्याचे निमित्त ते रोप आहे.

या विषयावर बोलताना आपण फार लवकर त्याग, जिद्द, आत्मविश्वास अशा मोठ्या शब्दांकडे जातो आणि घड्याळाकडे बघायचे राहून जाते, म्हणून माझी कसरत मी वेळेतच सांगते. सव्वासहाच्या सुमारास मला ऐरोलीला गाडी मिळते. ठाण्यापर्यंतचा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. खरा प्रवास दहा नंबरच्या फलाटावर उतरल्यानंतर सुरू होतो. पुलावरची गर्दी, पश्चिमेला टीएमटीच्या बसची किंवा रिक्षाची रांग, मग कापूरबावडी, मानपाडा आणि पुढे घोडबंदर रस्ता त्या दिवशी जसा वागेल तसा. सगळे जुळून आले तर मी सात वाजून वीस मिनिटांनी पाळणाघराच्या दारात असते, आणि पाळणाघर साडेसातला बंद होते. चौदा वर्षांच्या नोकरीचा डोलारा असा रोज दहा मिनिटांच्या फटीवर उभा राहतो.

बाळंतपणाची रजा मला पूर्ण मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांऐवजी सव्वीस आठवडे मिळू लागले, त्याचा लाभ घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. अडचण परतल्यावर सुरू झाली. माझा प्रकल्प दुसऱ्याकडे गेला होता आणि वरिष्ठांनी मनापासून, अगदी आपुलकीने सांगितले, की तुझ्या सोयीसाठी तुला जरा हलके काम देत आहोत. परदेशी ग्राहकांबरोबरच्या संध्याकाळच्या बैठकांतून माझे नाव मला न विचारता काढले गेले. दोन वर्षांनी बढतीच्या वेळी त्याच बैठकांचा अनुभव नाही असे कारण मिळाले. माझ्याशी कोणी वाईट वागले नाही, आणि म्हणूनच कोणाशी भांडावे हेही कळले नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते साधारण याच प्रश्नावरील कामासाठी. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले, की स्त्री-पुरुषांच्या कमाईतला आजचा फरक मोठ्या प्रमाणावर पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो, आणि वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला जास्त मोबदला देणाऱ्या कामांत तो अधिक रुंदावतो. ते वाचताना मला आमच्या सातच्या बैठका आठवल्या.

पाळणाघराच्या अर्जावर नवऱ्याचा क्रमांक पहिला आणि माझा दुसरा आहे. ताप आला की फोन मात्र मला येतो.

तेव्हा या धाग्यावर मला धीर नको आहे आणि वेळेच्या नियोजनाच्या युक्त्याही नकोत. तुमच्या घरातली व्यवस्था सांगावी, अशी विनंती आहे. दिवसभर मूल कोणाकडे असते, त्याचे पैसे कोणाच्या पगारातून जातात, आणि ताप आलेल्या दिवशी रजा कोण टाकते? आपल्याकडे स्त्रीवादाची चर्चा बाईला काय जमते यावर येऊन थांबते. या तीन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली तर ती पुढे सरकेल असे वाटते.

नौपाड्याची आजी

तुझ्या तीन प्रश्नांची माझी उत्तरे जुन्या काळची आहेत. मी १९७९ साली बँकेत लागले, दोन मुले झाली, प्रत्येक वेळी बारा आठवड्यांची रजा मिळाली आणि तेराव्या आठवड्यात मी काउंटरवर होते. मुले सासूबाईंकडे असत, पैसे कोणी कोणाला देत नसे, आणि तापाच्या दिवशी सासूबाई मुलाला पदराखाली घेऊन डॉक्टरांकडे चालत जात. निवृत्तीच्या भाषणात मी त्यांचे आभार मानले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांना हे काम करायचे होते का, हे मी अडतीस वर्षांत एकदाही विचारले नाही, आणि हे माझ्या लक्षात आले ते नातू झाल्यावर, जेव्हा मलाही कोणी विचारले नाही.

नातवावर माझा जीव आहे, हे सांगण्याची गरज नसावी. पण अडुसष्टाव्या वर्षी धावणाऱ्या मुलामागे दिवसभर धावणे म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारावे. शेवटी मी सूनबाईंना आणि मुलाला एकत्र बसवून सांगितले, की दुपारी दोन ते सात मी आहे, गुरुवारी नाही, आणि सकाळची व्यवस्था तुम्ही दोघांनी बघायची. मुलगा आठ दिवस फुरंगटून होता. सूनबाईंना मात्र पटकन समजले, त्या म्हणाल्या, “आई, तुम्ही तुमचे तास सांगितलेत ते बरे झाले, निदान मला अंदाज आला.” तुमच्या पिढीच्या करिअरची जी गोष्ट आजीच्या जोरावर उभी आहे, त्या गोष्टीत आजीचे तासही मोजावेत, एवढे मला म्हणायचे आहे.

स्पष्टवक्ता

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु मूल पाच वर्षांचे होईपर्यंत आईने घरी राहावे ही आपली परंपरा होती आणि तिच्यामागे विचार होता. सगळे एकाच वेळी मिळवण्याच्या हव्यासातून हे प्रश्न निर्माण झाले आहेत, असे माझे मत आहे.

नौपाड्याची आजी

कोणाची परंपरा, तेही सांगावे. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळणी बाळंतपणानंतर पाट्या घेऊन बाजारात बसत, शेतावर झाडाला झोळी बांधून बायका लावणी करत, आणि मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका कामाला होत्या. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा करावा लागला तो त्यांच्यासाठीच. घरी राहणारी आई ही थोड्या घरांची सोय होती. तिला सगळ्यांची परंपरा म्हणू नये.

दहा नंबर फलाट

मी पुरुष आहे आणि रबाळ्याला नोकरी करतो, त्यामुळे धागाकर्तीच्या गाडीत बहुधा शेजारच्या डब्यात असतो. माझी पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची रात्रपाळी सुरू झाली तेव्हा मुलगी दहा महिन्यांची होती, आणि तोपर्यंत मी स्वतःला घरात पुष्कळ मदत करणारा नवरा समजत होतो. मदत या शब्दात काम दुसऱ्याचे असते, हे मला रात्रपाळीच्या तिसऱ्या दिवशी कळले, जेव्हा पहाटे चार वाजता ताप चढला आणि औषधाची बाटली कोणत्या कप्प्यात असते हे विचारण्यासाठी मी तिला वॉर्डात फोन केला. तिने सांगितले आणि ती पुन्हा दुसऱ्यांच्या मुलांकडे गेली.

आता तापाच्या दिवशी रजा मी टाकतो, कारण तिच्या जागी ऐनवेळी माणूस मिळत नाही आणि माझ्या जागी संगणक वाट बघू शकतो. पहिल्या रजेला साहेबांनी काळजीने विचारले, की घरी मिसेस नाहीत का. चौथ्या रजेला त्यांनी काही विचारले नाही, पण वार्षिक मूल्यमापनात ‘बांधिलकी’ या रकान्यात मला कमी गुण पडले. धागाकर्तीला जे दोन वर्षांनी समजले ते मला एका वर्षात समजले. मूल सांभाळणाऱ्याला दंड होतो, आणि आजवर तो भरणाऱ्या बहुतेक बायकाच असल्यामुळे तो बायकांचा प्रश्न वाटतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना निदान पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने वडिलांना एकही दिवस मिळत नाही, मालकाच्या मर्जीवर मिळाला तर मिळाला.

थोडी आकडेवारीही नोंदवतो. सांख्यिकी मंत्रालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये स्वतःच्या घरचे काम विनामोबदला करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात होता. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटे कमी झाली हे वाचून मला आधी बरे वाटले, मग पुरुषांचीही नऊ कमी झाल्याचे दिसले. ती मिनिटे वॉशिंग मशीनकडे गेली असतील, पोळीभाजी केंद्राकडे गेली असतील, आमच्याकडे आलेली नाहीत.

आणि एक, जाता जाता. लसीकरणाला मीच जातो, तरी तिथे दर वेळी विचारतात, की मागची लस कधी दिली ते आईला विचारून सांगा. मला तारीख पाठ असते.

सेक्टर सतरा

या धाग्यात अजून एक खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर मी बसते. मी रासायनिक अभियंता आहे, महाप्याच्या औद्योगिक पट्ट्यात काम करत होते आणि सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मला घरी राहायला आवडते, मुलीबरोबरची दुपार आवडते, आणि पगारपत्रक नसलेल्या बाईला स्त्रीवादाच्या चर्चेत हरलेली समजले जाते ते अजिबात आवडत नाही. मूल वाढवणे हे काम आहे असे मान्य करायचे, आणि ते पूर्ण वेळ करणाऱ्या बाईकडे मात्र हळहळून बघायचे, ही विसंगती वाशीच्या पुरोगामी मैत्रिणींतही मी पाहिली आहे.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर ‘स्वेच्छेने सोडली’ हे वाक्य मी अनेक वर्षे उच्चारत होते आणि आता जरा सावकाश उच्चारते. निर्णय घेतला त्या रात्री आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला होता. वर माझा पगार, खाली पाळणाघराचे शुल्क, वरकामाच्या बाईंचे पैसे, माझे रिक्षा-गाडीचे भाडे, बाहेरून मागवलेले डबे. वजाबाकी करून जे उरले ते इतके थोडे होते, की त्यासाठी एवढी धावपळ कशाला, असे दोघांनाही वाटले. तो कागद परवा कपाट आवरताना सापडला. हिशेबात चूक नव्हती, पण सगळा खर्च माझ्याच पगारातून वजा केला होता. मूल दोघांचे असताना पाळणाघर फक्त आईच्या पगारातून का वजा व्हावे, हे त्या रात्री घरातल्या दोन अभियंत्यांपैकी एकालाही सुचले नाही.

दुसरी गोष्ट, त्या कागदावर फक्त त्या महिन्याचा पगार होता. पुढच्या वाढी नव्हत्या, भविष्य निर्वाह निधी नव्हता. उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, एका ठिकाणी सलग पाच वर्षे लागतात आणि माझी तिथे चार वर्षे तीन महिने झाली होती, हेही नव्हते. मला पश्चात्ताप नाही. आज पुन्हा विचारले तरी कदाचित मी घरीच राहीन, पण तो कागद मात्र वेगळा लिहीन.

हजेरीपट

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणजे धागाकर्तीला ‘हलके काम’ देणाऱ्यांच्या बाजूच्या टेबलावर बसते. त्या टेबलावरचे वास्तव कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

२०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. कागदावर ती उत्तम आहे. परंतु कार्यालयातले पाळणाघर याचा अर्थ दीड वर्षाच्या मुलाला सकाळी पावणेनऊच्या गाडीत महिलांच्या डब्यात घेऊन चढायचे, असा असेल, तर किती आया ते करतील? एका ठिकाणी आम्ही सुंदर खोली केली, भिंतींवर ससे रंगवले, आणि वर्षभर तिथे तीन मुले आली. तिघांचीही घरे चालत जाण्याच्या अंतरावर होती. पाळणाघर घराजवळ किंवा ठाणे, घणसोली, कोपरखैरणे अशा स्थानकांच्या दाराशी हवे, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा याचे उत्तर मालकाच्या दाराशी संपता कामा नये.

हेच रजेच्या पगाराचे. ज्या बायका कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात त्यांचा भार त्या निधीवर पडतो, पण तिथे वेतनमर्यादा एकवीस हजार रुपये आहे. तिच्या वरच्या प्रत्येकीचा सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार एकट्या मालकाने द्यायचा असतो. त्यातून काय होते, ते मुलाखतीच्या खोलीत दिसते. लग्न कधी झाले, सासर कुठे आहे, असे साळसूद प्रश्न येतात आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची नवविवाहित उमेदवार दुसऱ्या फेरीत गळते. लेखी कोणी काहीच ठेवत नाही. मी अशा दोन निवडींच्या वेळी गप्प बसले आहे, हेही इथे लिहून टाकते.

हा धोका नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा असे मांडले होते, कारण लोकांचे कल्याण जपणे हे मुळात सरकारचे काम आहे. मालकालाही त्यांनी पूर्ण मोकळे सोडले नव्हते. आज जवळजवळ शंभर वर्षांनी मी उमेदवारांच्या याद्या बघते, तेव्हा त्यांच्या म्हणण्यातला व्यवहार मला रोज दिसतो. रजा वाढवणाऱ्यांनी बिल कोणाच्या नावावर फाडले, यावर नोकरी कोणाला मिळणार हे ठरते.

तळमजला

मी मानपाड्याला सतरा वर्षे पाळणाघर चालवते. धागाकर्ती माझ्याकडची नाही, पण असेलही असे समजून लिहिते, कारण माझेही पाळणाघर साडेसातलाच बंद होते आणि उशीर झाल्यावर दारात धापा टाकत येणाऱ्या आया मी रोज बघते. बाबा उशिरा आले तर धापा टाकत नाहीत, ट्रॅफिक होता असे सांगतात. हे निरीक्षण आहे, टोमणा समजू नये.

मला अनेकदा विचारतात, की नऊपर्यंत का उघडे ठेवत नाही, आम्ही जास्त पैसे देऊ. माझ्याकडे बावीस मुले आहेत आणि चार ताया आहेत. दोघी लोकमान्यनगरहून येतात, एक कळव्याहून आणि एक डोंगराच्या बाजूच्या वस्तीतून. नऊला बंद केले, तर कळव्याच्या ताई साडेदहाला घरी पोचतील. त्यांचा चार वर्षांचा मुलगा आधी दिवसभर अकरा वर्षांच्या बहिणीकडे असे. परीक्षा नसेल त्या दिवशी बहीण शाळेला दांडी मारत असे, परीक्षा असेल तर शेजारीण बघत असे. म्हणजे तुमच्या बैठकीची वेळ माझ्याकडे येत होती, माझ्याकडून ताईंकडे जात होती आणि शेवटी एका पाचवीतल्या मुलीच्या शाळेवर जाऊन पडत होती. बायकांच्या करिअरची चर्चा वाचताना ती मुलगी मला कुठे सापडत नाही.

खरे तर हे कोडे आपल्याच जिल्ह्यात सोडवून दाखवलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तो भाग २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून मुली शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पालकांना उपदेश करत न बसता बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे मुलीला कडेवरचे मूल शेजारी ठेवून शिकता येई. कळव्याच्या ताईंनी मुलाला माझ्याकडेच आणावे असे मी दोन वर्षांपूर्वी सुचवले. दोन पालकांनी हरकत घेतली. त्यांपैकी एकीने महिला दिनाला कार्यालयात समतेवर भाषण केले होते, ते तिनेच मला मोबाईलवर दाखवले होते.

मुलगा आता माझ्याकडे येतो. हरकत घेणारे एक कुटुंब निघून गेले, एक राहिले.

स्पष्टवक्ता

वरील प्रतिसाद वाचला. माझ्या मुलीची दोन मुले आमच्याकडे असतात आणि ती माझी पत्नी सांभाळते. आजींचा ‘तास सांगण्याचा’ मुद्दा मी तिला वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, की रविवार मिळाला तरी पुरे. मूळ मत मागे घेत नाही, पण हे नोंदवावेसे वाटले.

पातलीपाडा

सगळ्यांचे प्रतिसाद मी दोन-दोनदा वाचले, काही नवऱ्याला वाचायला दिले. ‘सेक्टर सतरा’ यांचा कागद वाचून आम्हीही आमचा हिशेब काढला. पाळणाघराचे शुल्क पहिल्या महिन्यापासून माझ्याच खात्यातून जात होते आणि त्याचे कारण दोघांनाही सांगता येईना. आता ते घरकर्जाच्या हप्त्याच्या संयुक्त खात्यातून जाते. ‘तळमजला’ यांच्या प्रतिसादानंतर मी आमच्या पाळणाघरात विचारले, की तिथल्या ताई कुठे राहतात. चार वर्षांत पहिल्यांदा विचारले. त्या कासारवडवलीच्या पुढून येतात आणि साडेसातची वेळ चुकली की त्यांची बस चुकते. माझ्या प्रत्येक उशिराला पाळणाघर पन्नास रुपये दंड घेते. त्यांतला एक रुपयाही त्यांच्याकडे जात नाही, हेही तेव्हाच कळले. तो दंड थेट त्यांना मिळावा असे आम्ही सात पालकांनी लिहून दिले आहे. चालक ताईंनी अजून होकार दिलेला नाही.

मागच्या मंगळवारी मुलाला ताप आला. फोन मलाच आला. मी ऐरोलीच्या फलाटावर होते; अर्जावरचा पहिला क्रमांक लावा असे सांगून मी फोन ठेवला आणि पुढची पंधरा मिनिटे अपराधी चेहऱ्याने उभी राहिले, हे लपवत नाही. नवरा गेला. त्याने डॉक्टरांकडे नेले, आणि डॉक्टरांनी त्याला विचारले की मुलाची आई कुठे आहे. ‘दहा नंबर फलाट’ यांनी लिहिल्यामुळे त्याला या प्रश्नाचे आश्चर्य वाटले नाही, एवढाच फरक पडला.

कार्यालयात मी सातच्या बैठका परत मागितल्या आहेत, सोमवार आणि बुधवारच्या. त्या दिवशी साडेसातच्या आधी नवरा पाळणाघरात पोचेल. मंगळवार आणि गुरुवार माझे. शुक्रवारी दोघांच्याही बैठका असतात, आणि त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.